अन्या, त्या टँकात आता काहीही टाकू नका

विश्रामबाग, सांगली
रविवार, १२ ऑक्टोबर

प्रिय अन्या,

चार महिने तुला पत्र नाही, फोन नाही, तुमच्या मळ्याकडे फिरकलोही नाही. त्याची बोच होतीच. काल तासगावला जाताना आत वळलो आणि ती दुप्पट झाली. तुमच्या पोहायच्या टँकाचं पाणी हिरवंगार झालंय, पालकाच्या पातळ भाजीसारखं. उथळ बाजूची दुसरी पायरीसुद्धा दिसत नाही. काकू गुडघ्यांसाठी रोज सकाळी त्यात चालायच्या, त्या बारा दिवस उतरलेल्या नाहीत. आणि तुझी पोरं दिवाळीला गाडीतून उतरून थेट त्यातच उडी मारणार, हे डोळ्यांसमोर आलं आणि रात्री झोप लागली नाही.

फोनवर तू मला दोन वाक्यं पुरी करू देत नाहीस, म्हणून लिहितोय. कागद असला की मळ्यावरच्या सदाशिवच्या हातातही देता येईल.

माझी तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तिला छान दिसतंय.

आता टँक. आधी सगळ्यांना सांग, त्यात आता काहीही टाकू नका. प्रत्येकाने प्रेमाने काही ना काही टाकून झालंय. सदाशिवने पाव किलो मोरचूद विरघळवून ओतलं. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बागेत बोर्डोच्या फवारणीसाठी मोरचूद हाताशी असतं, शेवाळ त्याने मरतं हेही खरं. पण मोरचुदात जवळजवळ चौथा हिस्सा तांबं असतं. तुमचा टँक ८ मीटर बाय ४ मीटर, खोली ०.९ पासून १.६, म्हणजे सरासरी १.२५, झाले ४० घनमीटर, ४०,००० लिटर. पाव किलोतलं तांबं साधारण ६४ ग्रॅम, म्हणजे लिटरला १.६ मिलिग्रॅम. एवढं तांबं पाण्यात असताना पीएच वर गेला की फरशीच्या सांध्यांवर हिरवे-काळे डाग धरतात आणि निघता निघत नाहीत. काकूंचे चांदीसारखे केस हिरवट झाले तर त्या आधी तुला आणि मग मला धरतील.

अण्णा तुरटी फिरवायची म्हणत होते. त्यांना हात जोडून सांग, आत्ता नको. तुरटीने शेवाळ मरत नाही, नुसतं खाली बसतं. तो गाळ पंपाने थेट बाहेर काढायची तयारी नसेल तर वाळूचा फिल्टर चोंदतो. आणि ग्रामपंचायतीतून आणलेली टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरही नको. तिच्यात क्लोरीन ताजेपणी ३० ते ३३ टक्के, बाकी बराचसा चुना. न विरघळलेला चुना पाणी आणखी गढूळ करतो.

टीसीएलबद्दल अजून एक, आणि हे वाचून आधी फोन कर. पंपाच्या खोलीत एकाच फळीवर टीसीएलची पिशवी आणि टँकाच्या गोळ्यांचा डबा शेजारी शेजारी आहेत. दोन्ही क्लोरीनच्याच, पण एकत्र आल्या आणि जरा ओल लागली तर पेट घेतात, स्फोटही होतो. एकच मग दोन्हींत घालायचा नाही. मी काल पिशवी उचलून गोठ्याच्या माळ्यावर ठेवली, ती तिथेच राहू दे.

मग हिरवं झालं कशाने? इथे आपलं जुनं भांडण येतं. टँक बांधला तेव्हा मी म्हणत होतो रोज लिक्विड क्लोरीन टाका, तू म्हणालास रोज कोण बघणार, तरंगत्या डब्यात गोळ्या ठेवू. पाडव्यापासून आठवड्याला दोनशे ग्रॅमच्या दोन गोळ्या चालू आहेत. त्या गोळीत क्लोरीनसोबत सायन्युरिक ॲसिड असतं, ज्याला दुकानदार स्टॅबिलायझर म्हणतात. थोडं असलेलं चांगलं, ते क्लोरीनला उन्हापासून राखतं. पण क्लोरीन वापरून संपतो आणि हे पाण्यातच राहतं. तुमच्या पाण्यात एका गोळीने सुमारे २.७ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) चढतं, म्हणजे आठवड्याला साडेपाच. पावसाने आणि बॅकवॉशने (फिल्टर उलट्या पाण्याने धुताना जातं त्याने) काही कमी झालं, तरी मी काल मोजलं ते १०० भरलं. मोजायची रीत तुला आठवेल, औषध घातलं की पाणी दुधाळ होतं आणि नळीच्या तळाचा काळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत ओतत जायचं. पहिल्या वेळी ठिपका इतक्या लवकर गेला की माझा विश्वास बसेना. टँकाचं पाणी साध्या पाण्यात निम्म्याने मिसळून पुन्हा मोजलं आणि दुप्पट केलं, तेव्हा १०० ची खात्री झाली.

स्टॅबिलायझर जितका जास्त तितका क्लोरीन बांधलेला. शेवाळ मारायला त्याच्या ४० टक्के क्लोरीन लागतो आणि रोज राखायला साडेसात टक्के. १०० ला मारायला ४० पीपीएम, रोजचे साडेसात. तुमच्या गोळ्या दोन-तीनच्या वर कधी गेल्या नसतील. म्हणजे क्लोरीन कागदावर होता आणि शेवाळाला त्याचा काही पत्ताच नव्हता. त्यात ऑक्टोबरचं ऊन, बागेतल्या खतफवारणीचे उडालेले थेंब, छाटणीचा पालापाचोळा. शेवाळाला याहून चांगलं घर कुठे मिळणार?

सायन्युरिक ॲसिड कमी करायला घरगुती औषध नाही, पाणीच बदलावं लागतं. निम्मं काढायचं. अण्णा पाण्याचं ऐकून काल गप्प झाले. त्यांनी टँकरने बाग जगवलेली वर्षं मी पाहिली आहेत, त्यामुळे मलाही ते सांगणं जड गेलं. पण निम्म्या पाण्यासोबत निम्मं तांबंही जाणार आहे, हे त्यांना तू सांग. क्लोरीन आज शून्य आहे, तेव्हा हे पाणी बांधावरच्या नारळांना जाऊ दे. नव्या वेलींना नको. पुढे औषध घातल्यावरचं बॅकवॉशचं पाणी मात्र कुठल्याच झाडाला नाही.

पूर्ण रिकामा करायचा नाही, कुणी कितीही म्हणालं तरी. पावसानंतर काळी माती पाणी धरून असते. टँक रिकामा झाला की खालचं पाणी त्याला वर रेटतं, तळ फुटतो. मी विहिरीत दोरी सोडून पाहिलं, पाणी टँकाच्या तळाच्या बरंच खाली आहे, म्हणून निम्म्याला हो म्हणतोय.

भरायचं बोअरच्या पाण्याने, पण आधी बादली. पांढऱ्या बादलीत बोअरचं दहा लिटर पाणी घ्यायचं, त्यात सिरिंजने १.२ मिलिलिटर लिक्विड क्लोरीन टाकायचं. चहासारखं तांबूस झालं तर पाण्यात लोह आहे, मग टँकर. मी काल दोन बादल्या लावल्या. बोअरचं पाणी जसंच्या तसं राहिलं. टँकाच्या बादलीत थोडं जास्त घातलं, तेव्हा पाऊण तासात हिरवं राखाडी झालं आणि तळाला भुरकट थर बसला. म्हणजे ते शेवाळच, नुसत्या तांब्याचा रंग नाही. तांब्याने पाणी आरपार दिसतं आणि तरी हिरवं असतं. ही बादली बघताना अण्णा पहिल्यांदा हसले.

पाणी भरल्यावर जाळीने पाला काढा, पण तळ ढवळत बसू नका. पंप चालू ठेवून आधी पीएच ७.२ वर आणायचा. तुमच्या बोअरला क्षार भरपूर, माझ्या अंदाजाने तो ८ च्या वर असेल. हायड्रोक्लोरिक ॲसिड अर्धा अर्धा लिटर, खोल बाजूला परतीच्या नळासमोर, सावकाश. तासभर पंप फिरवून पुन्हा मोजायचं. ॲसिड नेहमी पाण्यात, ॲसिडात पाणी नाही, आणि क्लोरीनच्या कॅनजवळ तर मुळीच नाही, त्यातून विषारी वायू निघतो. पीएच आधीच आणून ठेवायचा, कारण क्लोरीन १० च्या वर गेला की पीएचचे लाल थेंब खोटं दाखवतात. आणि तांब्याचे डाग धरू नयेत म्हणूनही तो खालीच हवा.

मग लिक्विड. स्टॅबिलायझर ५० उरला असं धर, त्याच्या ४० टक्के म्हणजे २० पीपीएम. १० टक्क्यांचं ताजं लिक्विड असेल तर ४०० मिलिलिटरने एक पीपीएम चढतो, म्हणजे ८ लिटर. पाणी बदललं नसतं तर एका खेपेला १६ लागले असते. कॅन उन्हात ठेवलेल्या दुकानातून घेऊ नका, गरमीत त्याची ताकद आठवड्या-आठवड्याने उतरते. सूर्य मावळल्यावर कडेकडेने ओता, मग ब्रशने भिंती, शिडीच्या मागची जागा आणि दिव्याची कड घासा. शेवाळ तिथे दडतं.

इथेच लोक हरतात. एकदा ओततात, सकाळी बघतात, आणि नाही जमत म्हणून सोडतात. शेवाळ क्लोरीन खातं, तेव्हा पहिल्या दिवशी दर दोन-तीन तासांनी मोजायचं आणि परत २० वर न्यायचं. ८ उरला तर १२ कमी, म्हणजे ४.८ लिटर. तुमच्या किटमधले पिवळे थेंब यासाठी चालणार नाहीत. माझं थेंब मोजायचं किट देतो: दहा मिलिलिटर पाण्यात पावडर टाकली की गुलाबी होतं, ते रंगहीन होईपर्यंतचे थेंब मोजायचे, थेंबाला अर्धा पीपीएम. गुलाबी रंग चमकून लगेच गेला तर क्लोरीन संपलाय असं समजू नका. क्लोरीन फार झाला तरी रंग उडतो, आणखी पावडर टाकून बघा.

पंप रात्रंदिवस हवा. तो शेतीच्या लायनीवर जोडलेला दिसला, तिथे आठ तास वीज, तीही कधी रात्रीची. घरच्या लायनीवर घेऊ दे, एक एचपीला सिंगल फेज पुरते. तासाला ८ घनमीटर धरले तर सगळं पाणी पाच तासांत एकदा फिरतं. फिल्टर स्वच्छ असताना दाबाचा काटा ०.८ वर असतो, १.२ च्या आसपास गेला की बॅकवॉश, काचेतलं पाणी स्वच्छ होईपर्यंत, मग अर्धा मिनिट रिन्स. त्याआधी उगाच बॅकवॉश नको, जराशी मळलेली वाळूच बारीक कण धरते. आणि पंप बंद केल्याशिवाय व्हॉल्व्हची मूठ फिरवायची नाही, आतलं गॅस्केट फाटतं. सदाशिवला हे दोनदा सांग.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हिरवं जाऊन पाणी राखाडी, दुधाळ निळं होईल. तेव्हा सगळे घाबरून पुन्हा तुरटी काढतील. ते मेलेलं शेवाळ आहे, आता काम फिल्टरचं. तीन दिवस लागतील, कदाचित आठवडा. तू गडद निळी फरशी हट्टाने घेतलीस, पांढरी असती तर तळ एक दिवस आधी दिसला असता. त्या फरशीवरून आपण हरिपूरच्या संगमावर किती वेळ बोललो नव्हतो, आठवतं का? आता राग नाही, पण पांढरीच बरी.

झालं हे कधी मानायचं? खोल बाजूच्या तळाची जाळी वरून स्पष्ट दिसली पाहिजे. घाणीशी जुळून निकामी झालेला क्लोरीन (कंबाइंड म्हणतात तो) अर्ध्या पीपीएमच्या आत हवा. आणि रात्री अंधार पडल्यावर मोजून पहाटे ऊन यायच्या आत परत मोजल्यावर एकाहून जास्त पीपीएम कमी व्हायला नको. तिन्ही जमल्याशिवाय २० वरून उतरायचं नाही, आणि जाळी दिसेपर्यंत कुणीही पाण्यात उतरायचं नाही. हे मी हात जोडून लिहितोय, अन्या. अशा पाण्यात पोर बुडालं तर वरून दिसत नाही. कडेला दोरी बांधून आलोय, ती सोडू नका.

नंतर रोज ४ ते ६ पीपीएम. ऊन दिवसाला दोनेक खातं, म्हणजे संध्याकाळी पाऊण-एक लिटर. सदाशिव ते करेल, त्याचा हात मोजमापात चांगला आहे. गोळ्या फक्त सगळे चार दिवस बाहेरगावी जाणार असतील तेव्हा.

पिंटूची बारावी कशी चाललीय? वहिनींची बदली झाली का? भडंग पाठवतो, मागच्यासारखं सगळं तू एकट्याने खाऊ नकोस.

उद्या सकाळी मी दोन कॅन घेऊन मळ्यात जातो. शनिवारी रात्री नऊला आणि रविवारी पहाटे साडेपाचला मी स्वतः मोजेन आणि दोन्ही आकडे तुला लगेच कळवेन. तू फक्त आज अण्णांना फोन करून निम्म्या पाण्याचं हो म्हणून घे.

तुझा,
सुध्या

ता.क. अर्धवट विरघळलेल्या दोन गोळ्या अजून तरंगत्या डब्यात आहेत. सदाशिवला डबा बाहेर काढून उघड्यावर, सावलीत, टीसीएलपासून लांब ठेवायला सांग. काढताना तोंड बाजूला.