खांद्यावरचा रुमाल काढून दिलात, चाचा

चाचा, सलाम.

आईंच्या अबोलीला पुन्हा तुरे आलेत, ही बातमी आधी तुम्हाला. तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. पण आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत.

पाय मोडल्यापासून सासूबाई पडवीतल्या खाटेवर आहेत आणि दारापुढच्या खळ्यातल्या कुंड्या हीच त्यांची दिवसभराची सोबत. अबोली, मोगरा, अनंत. एप्रिल सरता सरता एकेक झाड मान टाकू लागलं, तसं आईंचं जेवणावरून मन उडालं. लोकांना वाटतं, चार कुंड्यांचं काय एवढं!

शहरातल्या ज्या रोपवाटिकेतून रोपं आणली होती, तिचं एकच उत्तर: पाणी वाढवा, खत घाला. खताची पिशवीही त्यांनीच विकली. पाणी वाढवलं, खत घातलं, पानांच्या कडा आणखी करपल्या. पुन्हा विचारलं तर म्हणाले, नवीन रोपं घेऊन जा. कुंडी कशाची आहे, ठेवलीय कुठे, पाणी कुठलं घालता, एवढंही कुणाला विचारावंसं वाटलं नाही, याचा राग अजून जात नाही.

तुम्ही गडग्यापलीकडून जाता जाता थांबलात, आत आलात आणि सरळ त्या काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीला उलटा हात लावलात, तापातल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. आम्ही सगळे इतके दिवस पानंच बघत होतो. "बाय, झाडाला तहान नाय लागलेली. कुंडी तापलीय, मुळं शिजतायत." मग खांद्यावरचा चौकडीचा रुमाल काढून घागरीत बुडवलात आणि अबोलीच्या कुंडीभोवती गुंडाळलात. घरात गोणपाट होतं, जुनी लुगडी होती. मी ती शोधून आणेपर्यंतही तुम्ही थांबला नाहीत. रुमाल तिथेच ठेवून भर उन्हात उघड्या डोक्याने घरी गेलात. खाटेवरून आई सगळं बघत होत्या. त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःहून पेज मागितली. चाचा, हे लिहितानाही माझे डोळे भरतात.

बाकीचं तुम्ही नंतर येता-जाता सांगत गेलात. कुवेतमध्ये, जिथल्या मित्रिबाहला २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश सेल्सिअसची नोंद झाली, तिथल्या बंगल्यांच्या दारातली फुलं तुम्ही उन्हाळ्यामागून उन्हाळे जगवलीत. तिथली हवा कोरडी, ओलं गोणपाट कुंडी पटकन गार करतं. आपल्याकडे पारा तेवढा चढत नाही, पण दमट हवेत फडकं सावकाश सुकतं आणि गारवाही कमी देतं, म्हणून इथे सावली आधी, हे तुमचं सांगणं. मग माडाच्या झापांचा मांडव झाला, कुंड्या तापल्या कोब्यावरून उचलून विटांवर गेल्या, मातीवर नारळाची सोडणं पसरली. कुंडीच्या काठावरचा पांढरा थर नखाने खरवडून आमच्या विहिरीचं पाणी मचूळ झाल्याचं तुम्हीच ओळखलंत. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या मुलखात मे महिन्यात कुणाकडे गोड्या पाण्याचा हंडा मागायचा म्हणजे जीव कानकोंडा होतो. तुम्ही मागायची वेळच आणली नाहीत. वरच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी पाठवून दिलंत, कुंडीतला खार खालून वाहून जाईल इतकं ओता म्हणालात.

आखातातून परतलेल्या माणसांनी काय आणलं, याच्या गप्पा आपल्याकडे नेहमी रंगतात. अत्तर, ब्लँकेटं, घरावरचा नवा मजला. परक्याच्या बागेत उन्हात उभं राहून शिकलेलं तुम्ही आमच्या खळ्यात ओतलंत, आणि बोलण्यात कुठे मोठेपणा नाही, उपकार केल्याचा सूर नाही. आमची वाडी अजून राहण्यासारखी आहे ती अशा माणसांमुळे, हे मी मुंबईहून इथे राहायला आल्यापासून रोज बघतेय.

मोगरा गेला, तो गेलाच. अनंताला नवी पालवी आहे, कळी नाही. तुमचा रुमाल धुऊन घडी घालून ठेवलाय, पण आई तो मला पाठवू देत नाहीत. त्यांना तो स्वतःच्या हाताने द्यायचाय.

मृग तोंडावर आलाय. झाप तेव्हा उतरवायचे की राहू द्यायचे? आणि सोडणं तशीच ठेवली तर पावसात मुळं कुजतील का? सांगायला या, सकाळीच या. घावने आणि नारळाचा रस करते.