शैले, नेफर्टिटीत लेहरा सापडला

पुणे, रविवार रात्र

प्रिय शैले,

गणपतीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही, आणि तुझा फोन आला की "नंतर बोलू" म्हणत राहिले. रागावली असशील, तर रागाव. बीपी गोळीवर ठीक आहे, गुडघे आहेत तसेच. पण आज जे घडलं ते घरात सांगितलं तर "हो का" म्हणून पुन्हा टीव्हीकडे बघतील. म्हणून तुला लिहितेय.

धाकटीची लेक तबल्यात किती रमलीय ते तुला ठाऊक आहे. झाकीरभाई गेले त्या डिसेंबरात ती ऐकत ऐकत 'शक्ती'पर्यंत पोचली. तीच, मॅक्लॉफ्लिनची गिटार नि झाकीरभाईंचा तबला असलेली १९७६ची पहिली एलपी. 'जॉय'ची अठरा मिनिटं तिने इतक्यांदा ऐकलीत की घटमची जागा जवळ आली की तिची बोटं आपोआप मांडीवर चालायला लागतात. गेल्या महिन्यात विचारलंन, "मावशी, याच्या पुढे काय ऐकू?"

चाळीस वर्षं मी हा प्रश्न कुणी विचारायची वाट बघत होते गं! आणि लावलं काय, तर आपल्या जॅझमधली डॉल्फीची 'आउट टु लंच'. म्हटलं, १९६४ची रेकॉर्ड, ड्रम्सवर टोनी विल्यम्स, अवघा अठरा वर्षांचा, तुझ्याच वयाचा. डॉल्फीचं ते घोगरं बास क्लॅरिनेट सुरू झालं, हचरसनचा व्हायब्राफोन टपटपायला लागला, आणि पोरगी हनुवटीला हात लावून बसली. चार मिनिटांनी अगदी हळूच म्हणाली, "मावशी, ही माणसं एकमेकांचं ऐकत नाहीयेत का?" चहा संपवला आणि गेली. पुढे दोन आठवडे फिरकली नाही.

मला रात्र रात्र झोप नाही. कारण तुला माहितीये, हे मी आधीही केलंय. चिरंजीव बारा वर्षांचे असताना कोल्ट्रेनच्या सॅक्सोफोनची 'अ लव्ह सुप्रीम' दोन्ही बाजू बसवून ऐकवली होती. तू म्हणालीसही होतीस, "सोड त्याला, खेळायला जाऊ दे." आज सॅक्सोफोन ऐकू आला की तो खोलीतून उठून जातो. एवढं मोठं संगीत, आणि माझ्या घाईने पोराला कायमचं परकं झालं. हीपण गेली असती तर?

मग आपलं मुंबईच्या रंगभवनाबाहेरचं भांडण आठवलं. माझं म्हणणं, जॅझ १९५९ पासून क्रमाने ऐकावं. तुझं म्हणणं, जे कानाला ओळखीचं आहे त्याचा हात धरून मागे मागे जावं. मी माइल्स डेव्हिसच्या 'इन अ सायलेंट वे'ला झोपेचं औषध म्हटलं, आणि तू व्हीटीपर्यंत एक शब्द बोलली नाहीस. वर माझं तिकीटही काढलं नाहीस!

शैले, तुझंच खरं होतं. तुझ्या वाटेने गेले. मॅक्लॉफ्लिनचा हात धरून 'शक्ती'वरून मागे १९७३ला, 'बर्ड्स ऑफ फायर'. तिने बोटांच्या पेरांवर अठरा मात्रा मोजल्या आणि खूश झाली. मग १९६९, तुझी 'सायलेंट वे'. पहिल्या बाजूला टोनी हाय-हॅटवर, त्या पायाने मिटायच्या झांजांच्या जोडीवर, तेवढं एकच काम करत राहतो, ना भराव ना उठाण. म्हणाली, "असा ठेका धरून ठेवायला छाती लागते." मी त्याला झोपेचं औषध म्हणत होते.

आणि आज माइल्सचीच 'नेफर्टिटी'. १९६७चं ध्वनिमुद्रण, तोच टोनी, आता एकवीस वर्षांचा. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन मिळून शॉर्टरने बांधलेली ती चाल वाजवतात, पुन्हा तीच, पुन्हा तीच. जवळजवळ आठ मिनिटं, आणि दोघांपैकी कुणीच सोलो घेत नाही. आपण दोघी म्हणायचो, वाट बघायला लावतात नि देत काहीच नाहीत. तिसऱ्या मिनिटाला पोरगी ताडकन उठली, आवाज वाढवलान आणि ओरडली, "मावशी, हा तर लेहरा आहे! यांनी नगमा धरलाय आणि तो सोलो वाजवतोय!"

खरंच तसंच आहे गं. पेटीवाला एकच ओळ धरून बसतो आणि तबलजी त्याखाली पेशकार उलगडत नेतो, अगदी तसं. चाल जागची हलत नाही, आणि खाली टोनी आधी नुसता कुजबुजतो, मग झांजा फुलवतो, मग कडाडतो. चाळीस वर्षं आपण वरचं ऐकत बसलो. तिने चहाच्या ट्रेवर अनामिका टेकवून तबल्याच्या कडेवरची चाट मारून दाखवली, त्याच्या झांजेच्या बरोबर वर. माझे डोळे भरून आले.

आता पुढे काय लावू? माझे हात शिवशिवतायत शॉर्टरची 'स्पीक नो ईव्हिल' लावायला. पण तिथे ड्रम्सवर एल्विन जोन्स, त्याची लय गोल गोल फिरते, हिला सम कुठे वाटेल? की आधी हॅनकॉकचा 'मेडन व्हॉयेज', १९६५चा, एकोणीस वर्षांचा टोनी? तुझा 'हेवी वेदर' मी मुद्दाम राखून ठेवलाय, तो तूच लाव. मला घाई करायची नाहीये. तू सांगशील तसं.

नाशिकच्या घराचं ठरलं का? जावईबापूंची बदली रद्द झाली असेल तर बरंच. मोतीबिंदूचं उन्हाळ्याआधी उरकून घे.

ती पुढच्या रविवारी येतेय. 'सायलेंट वे' मला मोबाइलवर ऐकवावी लागली, कारण माझी एलपी १९८६पासून तुझ्याकडे आहे. ती घेऊन ये.

तुझीच,
मंगल