शुभास, भैरूबद्दल

निफाड
२१ जानेवारी

चि. शुभास,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. पहिल्या गाडीनं निघालो ते रागानं, असं तुला वाटलं असणार. थोडा राग होताच. पण रात्री जेवताना जे बोललो, एक पोर सांभाळताना तारांबळ आणि त्यात हे जनावर कशाला, ते बोलायला नको होतं. तुझी आई असती तर तिनं मला ताटावरून उठवलं असतं. आता भैरू, हे साडेचार वर्षांचं कारवान जातीचं शिकारी कुत्रं, तुझ्या घरी आलंच आहे तर त्याचं नीट व्हावं, म्हणून लिहितोय. फोनवर तू "हो आप्पा, हो आप्पा" म्हणतेस आणि पुढचं ऐकत नाहीस. कागद निदान फ्रिजवर चिकटवता येतो.

आधी दाराचं. तुझं लाकडी दार आणि जाळीचं सेफ्टी डोअर एकाच चौकटीत आहेत, मध्ये उभं राहायलासुद्धा जागा नाही. दोन्ही उघडी असली की भैरू आणि जिना यांच्यामध्ये कुणी नसतं. म्हणून बेल वाजली की भैरू बेडरूममध्ये, बाहेरून कडी, कडी एकदा ओढून बघायची, आणि मगच बाहेरचं दार. पार्सलवाला असो, कामाच्या मावशी असोत, नाहीतर शिरीष असो. जाळीला बाहेरून कापडी पिशवी टांग, दूध तिच्यात पडेल. रोजचं एक उघडणं तरी वाचेल. लहान मुलांसाठी लावतात तसलं अडीच फुटी फाटक पॅसेजमध्ये बसवू नकोस, तेवढं तो उभ्या जागेवरून ओलांडतो. ओवीला दाराची कडी काढायची सवय आहे, ती मोड. वरची कडी तिच्या हाताला येणार नाही अशी लाव.

भैरू सुटून पळाला त्या दिवशी पट्टा निसटला तो तू सैल बांधलास म्हणून नाही. कारवान्याचं डोकं निमुळतं असतं आणि मान जवळजवळ डोक्याएवढीच जाड. घाबरला की तो पुढं ओढत नाही, मागं सरतो. पुढचे पाय रोवतो, मान खाली घालतो, आणि साधा पट्टा कानांवरून सरकन निघून येतो. तुझ्या हातात दोरी आणि रिकामा पट्टा. याला मार्टिंगेल कॉलर लागते. एक रुंद पट्टी, तिच्या दोन्ही टोकांना कड्या, त्या कड्यांतून ओवलेली दुसरी छोटी पट्टी, आणि दोरी त्या छोट्या पट्टीला. ओढ बसली की तेवढ्यापुरती आवळते, सोडली की सैल. पूर्ण आवळल्यावर दोन कड्या एकमेकींना टेकता कामा नयेत. टेकल्या तर ती मोठी झाली, मग ती साध्या पट्ट्यासारखीच निघणार. दुकानदार त्याऐवजी चोकचेन, म्हणजे ओढली की गळा आवळणारी साखळी, गळ्यात मारायला बघेल, घेऊ नकोस. याच्या मानेवर ना केस ना चरबी, कातडं सोलून निघतं.

नुसत्या कॉलरवरही विसंबू नकोस. छातीला एक पट्टा, बरगड्यांच्या मागं पोटाला दुसरा, असा हार्नेस घाल, आणि दोन्हीकडं हूक असलेली दोरी घे. एक हूक कॉलरला, दुसरा हार्नेसला. एक निसटलं तर दुसरं धरतं. दोरी मनगटाला गुंडाळू नकोस. ससा नाहीतर मांजर दिसलं की तो उभ्या जागेवरून जो झटका देतो त्यात मनगट मोडतं. घरात मार्टिंगेल काढून ठेवायची, तिची सैल पट्टी कशाततरी अडकून गळा आवळू शकते. घरासाठी एक पातळ पट्टा आणि त्यावर तुझा नंबर कोरलेला बिल्ला, तो झोपेतही गळ्यात. कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप आहे का हे डॉक्टरांना मशीननं तपासायला सांग. नसेल तर बसवून घे.

२००३ च्या सिंहस्थात रामकुंडावर तुझा हात असाच निसटला होता. सात वर्षांची होतीस. हातात फक्त तुझी बांगडी राहिली. तुझ्या आजीनं तेव्हा मला जे ऐकवलं ते तुला कधी सांगितलं नाही, आणि आताही सांगत नाही.

असो. मुख्य गोष्ट अशी की तुझ्या घरात आहे तो अजून खरा भैरू नाही. साडेचार वर्षं त्यानं पत्र्याची शेड, शेतातली माती आणि कानडी माणसं पाहिली. फरशी, लिफ्ट, मिक्सर, टीव्ही, यातलं त्यानं काहीच पाहिलेलं नाही. तो कोपऱ्यात गप पडून राहतो त्याला तू "किती शहाणा आहे" म्हणालीस. तो शहाणपणा नाही, धास्ती आहे. साधारण तीन दिवस जनावर असं गोठलेलं राहतं, तीन आठवड्यांत घराचं वेळापत्रक ओळखतं, आणि हे आपलं घर असं त्याला वाटायला तीन महिने तरी लागतात. खोड्या, गुरगुरणं, सोफ्यावर हक्क सांगणं हे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं. तेव्हा "बिघडला" म्हणून घाबरू नकोस, तेव्हा तो उघडायला लागलेला असतो. तोवर पाहुणे नकोत, अंघोळ नको. सोसायटीतल्या बायका कुत्रं बघायला येतील, त्यांना फोटो दाखव.

नाव बदलायचा ओवीचा हट्ट आहे ना, मँगो म्हणे. बदल, पण भैरू सोडू नकोस. महिनाभर "मँगो भैरू" अशी जोडी म्हण, मग भैरू हळूहळू गाळ. आणि त्याला कानडी कळतं. "बा" म्हणजे ये, "बेडा" म्हणजे नको. "बा" म्हणताच त्याचे कान हलले ते मी पाहिलं. तो शब्द जपून वापर. "बा" म्हटलं की दर वेळी हातात काहीतरी, उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा पुरे. "बा" म्हणून बोलावून औषध पाजायचं नाही, नखं कापायची नाहीत, बांधायचंही नाही.

अंगाला हात लावायचं ओवीला नीट समजाव. ही जात परक्याचा हात सहज खपवून घेत नाही, डोक्यावरून तर नाहीच. तो स्वतःहून येईपर्यंत थांबायचं. आला की छातीला किंवा मानेच्या बाजूला तीन सेकंद खाजवायचं, आणि हात काढायचा. त्यानं नाक पुढं केलं तर पुन्हा. तोंड फिरवलं, ओठ चाटले, झोप आलेली नसताना जांभई दिली, डोळ्याचं पांढरं दिसलं, तर बस झालं. गुरगुरला तर ओरडू नकोस. गुरगुरणं म्हणजे त्यानं दिलेली सूचना; ती दाबली की पुढच्या वेळी सूचना न देता चावा येतो. आणि झोपेत त्याला शिवायचं नाही, लांबून नावानं हाक मारून उठवायचं. ही कुत्री कधीकधी अर्धे डोळे उघडे ठेवून झोपतात, त्यामुळं पोरांना वाटतं जागाच आहे. ओवीला हे दहा वेळा सांग. मी पुन्हा शिकवायला लागलो, माहीत आहे. पण सांग.

खाण्याचं. पहिला आठवडा त्याचं जुनंच खाणं दे, भाकरी आणि जे काय तिकडं देत होते ते. मग दर दोन-तीन दिवसांनी पाव भाग नवं मिसळत दहा दिवसांत बदल. एकदम पाकिटातलं दिलंस की जुलाब लागणार, आणि तू ते आजारपण समजून धावपळ करणार. वजन २४ किलो आहे, तर दिवसाला साधारण बाराशे उष्मांक, म्हणजे पाकिटातलं कोरडं खाणं ३२० ते ३५० ग्रॅम, दोन वेळांत वाटून. वाटीनं नाही, काट्यावर मोज. छाती खोल आणि पोट आत असलेल्या जातींत पोट फुगून पीळ पडायचा धोका असतो, म्हणून खाण्याआधी तासभर आणि नंतर दोन तास पळापळ नाही. पोट ढोलासारखं ताणलं, उलटीचा उमाळा येतोय पण पडत काही नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच मिनिटाला रिक्षा. बरगड्या दिसतात म्हणून वाढवून घालू नकोस. मागच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची दोन हाडं दिसायलाच हवीत. रस्त्यात कुणी "उपाशी ठेवता का हो" विचारलं तर हसून पुढं हो.

आता आपल्या नाशिकचं. या जिल्ह्याची दोन मोठी पिकं, आणि कुत्र्याला दोन्ही विष. द्राक्षं आणि बेदाणे खाऊन कुत्र्याची किडनी जाते. किती मणी बाधतात याचं माप नाही. एखादं कुत्रं मूठभर पचवतं, दुसऱ्याला थोड्यात भोवतं. पहिल्या दिवसात उलट्या, दोन-तीन दिवसांत लघवी बंद. खाल्ल्याचं कळलं की उलटी व्हायची वाट बघू नकोस, पहिल्या दोन तासांत डॉक्टरांकडं ने, ते उलटी काढतात. घरी मिठाचं पाणी पाजू नकोस, ते स्वतःच विषासारखं काम करतं. शिऱ्यातले बेदाणेसुद्धा चालत नाहीत. कांदा कच्चा, शिजलेला, मसाल्यातला, कुठलाच नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि ते तीन-चार दिवसांनी दिसतं: हिरड्या पांढऱ्या, लघवी गडद. आमटीचा भात घालायची तुझी सवय आहे, म्हणून सांगतो. दादासाहेबांच्या पिकअपमधून द्राक्षांची पेटी पाठवतोय, ती ओट्यावर नको, कपाटात वरच्या फळीवर ठेव.

फरशी गुळगुळीत आहे, त्याचे पाय फाकतात. रबरी मॅटचे तुकडे गादीपासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून दारापर्यंत टाक. दारापर्यंत लिहिलं खरं, पण बेडरूमपर्यंतच टाक. अंगावर चरबी नाही म्हणून नुसत्या फरशीवर कोपरांना घट्टे पडतात. दोन गोधड्या दुहेरी करून दे, आईची निळी नको, ती राहू दे. थंडी त्याला सोसत नाही. इकडं निफाडचा पारा दर वर्षी पेपरात येतो, तुमच्याकडंही पहाटे कमी नसतं. जुन्या स्वेटरला पुढच्या पायांसाठी भोकं पाड.

घरात लघवी केली तर रागावू नकोस, शेडमध्ये आत-बाहेर असा भेदच नव्हता. दर तीन-चार तासांनी एकाच जागी ने, केली की तिथल्या तिथं तुकडा दे. नाक घासणं वगैरे जुने प्रकार करू नकोस. मग तो तुझ्यादेखत करायचं सोडतो आणि सोफ्यामागं करतो. एकटा राहायची सवय सुट्टीत लाव. एक मिनिट बाहेर, मग दोन, मग पाच, निघताना निरोपाचं नाटक नाही. सोमवारी एकदम नऊ तास टाकून गेलीस तर तो दार खरवडणार, आणि पुन्हा दार.

बाहेर मोकळा कधीही सोडू नकोस. "आता ओळखतो" असं सहा महिन्यांनी वाटेल, तेव्हाही नाही. ही नजरेनं शिकार करणारी जात. डोळ्यांनी एकदा काही धरलं की कान बंद होतात, "बा" पोचत नाही. पहाटे आणि अंधार पडल्यावर आनंदवल्लीच्या नदीकाठाला, मळ्यांकडं नेऊ नकोस. २०१९ च्या जानेवारीत गंगापूर रोडला सावरकरनगरात बिबट्या शिरला होता, तुला आठवत असेल. कुत्रं हे त्याचं सोपं खाणं.

आणि सुटलाच, तर मागं धावायचं नाही. धावलं की तो पळतो. आडवी बैस, नजर देऊ नकोस, नाहीतर उलट दिशेला चालायला लाग. त्याची गोधडी आणि तुझा न धुतलेला दुपट्टा जिन्याच्या तोंडाशी ठेव. नवी कुत्री पहिल्या काही दिवसांत बहुतेक जवळपासच दडतात, गाडीखाली, झाडीत. त्या दिवशीही तो वॉचमनच्या खोलीमागंच होता. पेपर घ्यायला दार मी उघडलं होतं, शुभा. दोन्ही. तू दोन तास शोधत होतीस आणि एकदाही ते तोंडावर आणलं नाहीस. रात्री जेवताना मी जे बोललो ते त्याचंच होतं, तुझं नव्हतं.

डॉक्टरांचं राहिलं. रेबीजची लस घेतल्याचा कागद हातात नसेल तर पुन्हा टोच, महापालिकेच्या परवान्यालाही तो लागेल. गोचीड तापासाठी रक्त तपास. शेडमधलं जनावर आहे, कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिड्या बघ. नसबंदी करायची असेल तर भुलीच्या आधी सांग की हा ग्रेहाउंडसारख्या बांध्याचा आहे. थायोपेंटोनसारखी भूल अशा जातीत लवकर उतरत नाही. कागदावर कारवान हाउंड लिहिलेलं असो की मुधोळ हाउंड, जात एकच. २००५ मध्ये टपाल खात्यानं मुधोळ हाउंडचं तिकीट काढलं होतं, तुझ्या वहीत आहे, कोपरा दुमडलेलं. तेव्हा तू "हा हरिण आहे का" विचारलं होतंस. साडेचार वर्षांचं शिकारी कुत्रं कुणी घरी आणत नाही. सगळे पिल्लू मागतात. तू आणलंस. मला ते जमलं नसतं.

कॉलर इथल्या चांभाराकडून शिवून घेतोय, दोन इंची, आतून मऊ कातडं. माप पाठव. मानेचं माप कानांच्या अगदी मागून घे, खालून नको. डोक्याचं कानांपुढून, सगळ्यांत रुंद असेल तिथं. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. माप घेताना दार लावून घे.

तुझे
आप्पा

ता.क. द्राक्षांची पेटी द्यायला पिकअपवाला वर येईल. त्याला खालीच थांबव.