जगण्याची टक्केवारी आणि न परतलेले रुग्ण

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कर्करोगाचे इतके टक्के रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात, असे आकडे वृत्तपत्रांत अधूनमधून छापून येतात. त्यांच्या शेजारी, किती रुग्णांचा ठावठिकाणाच लागला नाही हेही छापावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कर्करोग नोंदणीच्या कामात माझी उमेदीची वर्षे गेली, म्हणून हे लिहीत आहे.

फेरतपासणीला न आलेल्यांना आम्ही जोडकार्डे, म्हणजे उत्तरासाठी कोरे कार्ड जोडलेली पोस्टकार्डे, पाठवत असू. काहींवर घरच्यांचे दोन शब्द येत. पुष्कळशी ‘पत्ता सापडत नाही’ असा शेरा घेऊन परत येत, कारण उपचारापुरता भाच्याकडे राहिलेला माणूस गावी परतला तरी आमच्याकडे नोंद भाच्याच्याच खोलीची असे. समजा, 100 रुग्णांपैकी 40 पाच वर्षांनी हयात असल्याचे आणि 30 दगावल्याचे कळले, उरलेल्या 30 जणांचे काहीच कळले नाही. त्यांना वगळले तर प्रमाण 57 टक्के भरते. सगळे दगावले असे धरले तर 40 आणि सगळे हयात धरले तर 70. संख्याशास्त्राची नेहमीची रीत अशांना शेवटच्या भेटीपर्यंत मोजते आणि त्यापुढे त्यांचा धोका इतरांइतकाच मानते. आपल्याकडे हे गृहीतक टिकत नाही. आजार बळावला किंवा पैसे संपले, म्हणूनच अनेकांचे येणे थांबते, आणि त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा चांगला दिसतो.

निदान लवकर झाल्यानेही टक्केवारी फुगू शकते. साठाव्या वर्षी दगावणाऱ्या बाईचे निदान सत्तावन्नाव्या वर्षी झाले तर ती तीन वर्षे जगली, चोपन्नाव्या वर्षी झाले तर सहा. मृत्यूचा दिवस मात्र तोच. दक्षिण कोरियात थायरॉईडच्या तपासण्या वाढल्या तसे रुग्ण कितीतरी पटींनी वाढले, पण त्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास तेवढेच राहिले. म्हणून जगण्याच्या प्रमाणासोबत मृत्युदरही पाहावा लागतो.

बार्शीला 1987 साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तेथील कार्यकर्ते गावोगाव फिरून, घरी जाऊन विचारपूस करत. अशा पायपिटीतून आलेला आकडा कमी भरला तरी मी तोच अधिक विश्वासाचा मानते, कारण उपचारासाठी जमीन विकायची की नाही, हे एखादे कुटुंब त्याच टक्केवारीवर ठरवत असते.

आपली नम्र,
एक निवृत्त नोंदणी कर्मचारी, सोलापूर