गाईड बघ, मग विद्यापीठ

पुणे

प्रिय दत्ता,

तुझं पत्र मिळालं आणि सोबतचं पीएच.डी.च्या प्रबंधाचं शीर्षकही. ‘महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखानदारी : एक चिकित्सक अभ्यास’. अरे, एवढ्यात आख्खा अर्थशास्त्र विभाग दहा वर्षं गुंतून पडेल!

पीएच.डी. म्हणजे खूप माहिती असणं, असं आपल्याकडे मानतात. गावात सत्कारही त्याच समजुतीने होतो. प्रत्यक्षात मागतात ते एवढंच : कुणी नीट सोडवलेला नाही असा एक प्रश्न, आणि जाणकारांनी उलटंपालटं करून पाहिलं तरी टिकेल असं तुझं उत्तर. प्रबंधाच्या जाडीवर जाऊ नकोस. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींना 1939 साली केंब्रिजने पीएच.डी. दिली, तो प्रबंध जेमतेम 40 पानांचा. वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी हे श्वसनाला लागणारं प्रथिन असतं हे त्यांनी दाखवून दिलं, तेवढं पुरलं.

तुझ्या विषयातही असा प्रश्न दडलाय. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी उभा केला, हे सगळ्यांना पाठ आहे. पण 1950 नंतरच्या पहिल्या गळीत हंगामांत, तोडणी-वाहतूक वजा जाता, एक-दोन एकरवाल्या सभासदाच्या हातात नेमके किती पैसे पडले? वार्षिक अहवाल, सभांची इतिवृत्तं, कुणाच्या ट्रंकेत राहिलेल्या उसाच्या पावत्या... हे काम एका माणसाला झेपतं. शिवाय तू ऊसवाल्या घरातला, पावती वाचायला तुला शिकवावं लागणार नाही.

बाकी पायऱ्या ठरलेल्या आहेत. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुण आता पीएच.डी.च्या प्रवेशालाही धरतात. जेआरएफ, म्हणजे त्याच परीक्षेतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती, नसेल तर त्या गुणांना 70 टक्के वजन आणि मुलाखतीला 30. मग कोर्सवर्क, आराखड्याची मंजुरी, दर सहामाही प्रगती अहवाल. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांप्रमाणे कमीत कमी 3 वर्षं, जास्तीत जास्त 6, वर पुनर्नोंदणी करून आणखी 2. कॉलेजचं ना हरकत पत्र असेल तर नोकरी सांभाळून अर्धवेळही करता येते. जेआरएफवाल्यांना महिना 37,000 मिळतात. तुला बहुधा पगारावरच भागवावं लागेल, हे वहिनींशी आधीच बोलून घे.

खरी गोम गाईडमध्ये, म्हणजे प्रबंधाच्या मार्गदर्शकात आहे. विद्यापीठाच्या नावाला भुलू नकोस. प्राध्यापकाला एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाला 6 आणि सहायकाला 4 विद्यार्थी घेता येतात, त्यामुळे मोठ्या नावांकडे जागाच नसते. जिथे असेल तिथे त्यांचे आत्ताचे विद्यार्थी गाठ, चहा पाज आणि विचार : प्रकरण दिल्यावर परत कधी येतं, आणि त्यावर लाल शाई असते का? ‘सर फार चांगले आहेत, काही बोलत नाहीत’ असं उत्तर आलं तर चहाचे पैसे देऊन सरळ निघ.

माझ्या गाईड बाईंनी गिरणगावातल्या खानावळींवरचं माझं एक प्रकरण चारदा परत पाठवलं. तेव्हा चडफडलो. पण प्रबंध बाहेरच्या दोन परीक्षकांकडे गेला, अहवाल आले आणि व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, त्यातले एक सर समोर बसले, तेव्हा त्यांनी निष्कर्षांचं पान उघडलंच नाही. थेट तळटीप. “खानावळीची ही हिशेबाची वही अस्सल कशावरून?” दालन भरलेलं, कारण व्हायव्हा प्राध्यापक-विद्यार्थ्यांना खुली असते. मग मी अक्षर, थकबाकीदारांची नावं, पगाराच्या तारखेला होणारी वसुली आणि संपाच्या महिन्यांत कोरी राहिलेली पानं यांवर बोलत सुटलो. बाईंनी हेच चार वेळा विचारून झालं होतं.

प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढतो, कुणालाही वाचता येतो. तुझ्या विषयावरचे चार-पाच तिथेच आधी चाळ. कुठे काय राहिलंय ते लगेच दिसेल.

तर ते शीर्षक बाजूला ठेव आणि दिवाळीआधी मला एका पानात फक्त प्रश्न लिहून पाठव. काकूंना नमस्कार.

तुझा,
अन्या