चावी फिरवल्यावर न लागलेला दिवा

ती. बाबांना सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही तीनदा एकच प्रश्न विचारलात, 'चावी फिरवल्यावर बॅटरीचा लाल दिवा लागतो का?' आणि मी तीनदा वैतागून म्हटलं, 'नाही लागत हो, म्हणजे चार्जिंग ठीक आहे!' तर ऐका, तुमचं बरोबर होतं. लेखी देतेय. आईला वाचून दाखवा.

सेल्फ मारायच्या आधी, नुसती चावी फिरवली की तो दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन चालू झालं की विझला पाहिजे. या जुन्या गाडीत अल्टरनेटरच्या (इंजिनच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) रोटरच्या, म्हणजे आतल्या फिरत्या भागाच्या, वाइंडिंगला पहिला करंट त्या दिव्यातूनच जातो. वाट मधे कुठे तुटली की दिवा लागणारच नाही. मी मात्र तो लागत नाही म्हणून आठवडाभर निर्धास्त हिंडत होते. बॅटरी उतरली तेव्हा बॅटरीलाच दोष दिला, नवी आणली, तीही तिसऱ्या रात्री बसली. हेडलाइट आधी पिवळे पडले, मग वायपर काचेच्या मधोमध रेंगाळायला लागले. जेमतेम घरी पोचले. हे तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बॅटरी बाहेरून चार्ज केली आणि मीटर लावला. इंजिन बंद असताना 12.5 व्होल्ट, चालू केल्यावर 12.2, आणि रेस दिली तरी 12.2च. चार्जिंग होत असतं तर 14च्या आसपास दिसायला हवं होतं. मग एक गंमत करून पाहिली, तुम्हाला आवडेल. इंजिन बंद, चावी फिरवलेली, आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगपाशी नेलं. रोटरला करंट मिळत असेल तर तो लोहचुंबक होतो आणि टोक खेचून घेतो. इथे काहीच नाही. म्हणजे अल्टरनेटर न उघडताच कळलं की करंट रोटरपर्यंत जातच नाहीये. तुमच्या भाषेत, 'आधी कार्बन बघ', म्हणजे फिरत्या रोटरला घासत करंट पोचवणारे ते दोन छोटे ठोकळे.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली आणि मगच हात घातला. (पहिल्यांदा नव्हती काढली. अल्टरनेटरची जाड वायर थेट बॅटरीला जोडलेली असते, चावी बंद असली तरी त्यात करंट असतोच. पाना बॉडीला टेकला आणि ठिणगी उडाली. पान्याला खळगा पडलाय, मला काही झालं नाही. आईला हा कंस वाचून दाखवू नका.) पट्टा सैल केला, दोन बोल्ट काढले आणि अख्खं धूड टेबलावर आणलं. मागचं झाकण काढल्यावर रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा) आणि कार्बनचा होल्डर एकाच तुकड्यात निघाला, तीन स्क्रूंवर. एक कार्बन 6 मिलिमीटर उरला होता. दुसरा जेमतेम 3, आणि तो रोटरवरच्या रिंगला टेकतच नव्हता, कारण त्याची तांब्याची वेणी पूर्ण ताणली गेली होती. स्प्रिंग ढकलत होती, वेणी धरून ठेवत होती. नवे कार्बन मोजले, होल्डरबाहेर 13 मिलिमीटर येतात. 2 लाख किलोमीटरच्या वर चाललेल्या गाडीचे कार्बन इतके झिजले यात नवल नाही. ते इतके दिवस पुरलेच कसे, हे नवल!

आणि इथे तुमच्या-माझ्यात जरा भांडण आहे. तुम्ही अजून याला डायनमो म्हणता. म्हणा, सगळेच मेकॅनिक म्हणतात. पण जुन्या डायनमोत तयार झालेला सगळा करंट कार्बनमधून बाहेर यायचा, तोही कम्युटेटरच्या, म्हणजे तुकड्यातुकड्यांच्या तांब्याच्या कड्याच्या, खाचांवरून घासत, म्हणून ठिणग्या आणि म्हणून झीज. इथे उलटं आहे. वीज तयार होते बाहेरच्या स्थिर वाइंडिंगमध्ये आणि डायोडमधून (करंट एकाच दिशेला सोडतात ते) परस्पर निघून जाते. कार्बनमधून जातो तो फक्त रोटरला चुंबक बनवणारा करंट. मी दोन रिंगांमधला रोध मोजला, मीटरच्या वायरींचा वजा जाऊन 3 ओहम भरला. म्हणजे 12 व्होल्टला फार तर 4 अँपिअर. एवढ्याशा करंटवर पन्नास-साठ अँपिअर निघतात. म्हणून 'कम्युटेटरच्या खाचा साफ कर' हा तुमचा निरोप मी पाळला नाही. खाचाच नाहीत! दोन गुळगुळीत तांब्याच्या रिंगा आहेत. त्यांच्यावर कार्बनची काळी पुटं होती, ती बारीक पॉलिश पेपरने हलकेच काढली आणि कापडाने पुसून घेतली. नखाला जाणवेलशी बारीक चाकोरी पडलीय, पण कार्बन बसायला अजून जागा आहे. रिंग आणि शाफ्ट यांच्यातही मीटर लावून पाहिला, कुठे शॉर्ट नाही.

सगळ्यात जास्त वेळ डाख देण्यात गेला. नवे कार्बन सुटे मिळाले, जुन्यांच्या वेण्या डाख वितळवून काढल्या. पण नवी वेणी लावताना डाख त्या बारीक तारांमधून वर चढतो, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसा, आणि वेणी काडीसारखी ताठ होते. ताठ वेणी म्हणजे कार्बन अडकणार, पुढे सरकणार नाही. पहिला कार्बन असाच वाया घालवला. दुसऱ्या वेळी वेणी पक्कडीने कार्बनच्या बाजूला घट्ट धरली. उष्णता पक्कडीनेच खाल्ली आणि डाख होता तिथेच थांबला. मग बोटाने दाबून पाहिलं, कार्बन आत जातो आणि टुणकन बाहेर येतो. आईच्या शिलाई मशीनच्या मोटरचे कार्बन बसवताना तुम्ही मला हेच करायला लावायचात, तेव्हा मला तो खेळ वाटायचा.

होल्डर परत बसवताना दोन्ही कार्बन आत दाबून ठेवले, वाकडा घुसवला तर कोपरे तुटतात. पट्टा ताणला, निगेटिव्ह वायर जोडली, चावी फिरवली आणि तो दिवा लागला. एवढा लाल दिवा बघून माणसाला आनंद होतो हे माहीत नव्हतं. स्क्रू ड्रायव्हरही चट्कन चिकटला. इंजिन चालू केल्यावर 14.2, हेडलाइट, पंखा, मागच्या काचेचा हीटर सगळं लावून 13.8.

तुमची दुसरी सूचनाही मी पाळली नाही, तेही सांगून टाकते. 'इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढ, गाडी चालत राहिली तर चार्जिंग बरोबर.' बाबा, डायनमोच्या दिवसांत हे खपत असेल. अल्टरनेटरवर बॅटरी एकदम सुटली की व्होल्टेज उसळतं आणि रेग्युलेटर, डायोड, गाडीतली इतर इलेक्ट्रॉनिक्स, काय जाईल सांगता येत नाही. दादालाही सांगा, त्याच्या गाडीवर हा प्रयोग करू देऊ नका.

एक गोष्ट राहिलीय. टेबलावर असताना रोटर हाताने फिरवला तर पुढच्या बाजूने बारीक खरखर येत होती. बेअरिंग बदलायचं तर पुली काढावी लागेल आणि माझ्याकडे पुलर नाही. रविवारी पट्टा काढून ठेवते आणि फोन अगदी जवळ धरून पुली हाताने फिरवते. तुम्ही ऐका आणि सांगा, अजून किती दिवस चालेल ते.

तुमची,
छोटी