ज्यांना आम्ही ‘फुकटचा वकील’ म्हटले, त्यांना

आदरणीय वकील मॅडम,

सविनय नमस्कार.

हे पत्र आभाराचे असले, तरी त्याची सुरुवात माफीने करणे मला भाग आहे. माझ्या धाकट्या भावाला चोरीच्या आरोपावरून अटक झाली आणि दुसऱ्या दिवशी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले, तेव्हा ‘वकील आहे का?’ या प्रश्नावर त्याने नुसती नकारार्थी मान हलवली आणि आरोपींना मोफत वकील देणाऱ्या लोक अभिरक्षक कार्यालयातर्फे आपण उठून उभ्या राहिलात. मला त्या क्षणी हायसे वाटायला हवे होते. प्रत्यक्षात मी शेजारी बसलेल्या मामांना म्हणालो, “फुकटचा वकील आहे, दुसरा बघावा लागेल.” आपल्याला ते ऐकू गेले होते की नाही, हे विचारण्याचे धैर्य मला आजवर झालेले नाही.

भाऊ ज्या गोदामात नोंदी ठेवण्याचे आणि खोकी उचलण्याचे काम करीत होता, तेथे माल कमी भरला आणि मालकांनी त्याच्याविरुद्ध फिर्याद दिली. आमच्या घरात पोलीस, कलम, रिमांड हे शब्द कधी उच्चारले गेले नव्हते. त्यामुळे जो भेटेल तो सांगेल ते आम्ही खरे मानत होतो. कोणी म्हणे दहा वर्षे आत जाईल, कोणी म्हणे पैसे मोजले की प्रकरण दाबता येते. न्यायालयाच्या आवारात ‘काम करून देतो’ म्हणणारा एक गृहस्थही भेटला, आणि आईच्या बांगड्या मोडण्यापर्यंत आमची तयारी झाली होती.

त्या दुपारी आपण आम्हाला व्हरांड्यात उभे करून जे सांगितले, ते मी घरी येऊन वहीत उतरवून ठेवले. साध्या चोरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ प्रमाणे ३ वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. पुन्हा दोषी ठरल्यास किमान १ आणि कमाल ५ वर्षे सक्तमजुरी आणि दंड. वस्तू ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने ती वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर सामुदायिक सेवा. भावावरचे कलम मात्र ३०६ होते. नोकराने मालकाच्या ताब्यातील वस्तू चोरल्याचे ते कलम असून त्यात ७ वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. आपण हा आकडा लपवला नाही, सौम्यही केला नाही. दोष सिद्ध झालाच, तर पहिल्या गुन्ह्यात न्यायालय १९५८ च्या परिवीक्षा अधिनियमाचा, म्हणजे तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याचा, विचार करू शकते हे सांगताना आपण लगेच म्हणालात, “हे तुमची भीती कमी व्हावी म्हणून सांगते आहे, त्याने नसलेला गुन्हा कबूल करावा म्हणून नाही.”

त्याने पोलीस ठाण्यात एका कागदावर सही केली होती आणि त्यामुळे सगळे संपले असे आम्ही धरून चाललो होतो. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सिद्ध करता येत नाही, तिच्यातील माहितीवरून एखादी वस्तू प्रत्यक्ष सापडली तर तेवढाच भाग ग्राह्य धरता येतो, आणि इथे तर काहीच जप्त झालेले नाही, हे आपण भावाच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलेत. अटकेनंतर तो पहिल्यांदा रडला तो तेव्हा.

जामिनाच्या अर्जात आपण मांडलेला मुद्दा मला फार उशिरा कळला. ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का आवश्यक होती याची कारणे पोलिसांनी लेखी नोंदवायची असतात, अटकेची गरज नसेल तेथे हजर राहण्याची नोटीस द्यायची असते, आणि अर्नेश कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच हे बजावलेले आहे. भावाला नोटीस मिळालीच नव्हती आणि अटकेच्या कारणांच्या जागी छापील मजकुरापुढे खुणा केलेल्या होत्या. चौथ्या दिवशी तो घरी आला.

पुढे मालकांनी निरोप पाठवला की रक्कम भरा, तक्रार मिटवतो. न्यायालयाच्या परवानगीने अशी तडजोड होऊ शकते आणि तिचा परिणाम निर्दोष मुक्ततेसारखाच असतो, असे आपण सांगितलेत, आणि निर्णय मात्र भावावर सोडलात. मी, खरे सांगायचे तर, पैसे भरून मोकळे व्हावे या मताचा होतो. तो म्हणाला, “न घेतलेल्या मालाचे पैसे मी भरणार नाही.” आपण फक्त वहीत काहीतरी लिहिलेत आणि पुढची तारीख सांगितलीत.

मालकांची उलटतपासणी मी जन्मभर विसरणार नाही. तोवर माझी कल्पना होती की वकील टेबलावर हात आपटून साक्षीदाराला घाम फोडतात. आपण आवाजही चढवला नाहीत. गोदामाच्या चाव्यांचे किती संच होते? तीन. उरलेले दोन कोणाकडे? त्या दोघांचे जबाब घेतले गेले का? आधीची मालमोजणी केव्हा झाली होती? पाच महिन्यांपूर्वी. मग माल या पाच महिन्यांत नेमका कोणत्या दिवशी कमी झाला, हे आपण सांगू शकता का? साक्षीदार गप्प राहिले. कॅमेऱ्याचे चित्रण दाखल झाले होते, पण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कायद्याने जे प्रमाणपत्र जोडावे लागते ते जोडलेलेच नव्हते, आणि चित्रणात भाऊ खोके उचलताना दिसत होता हे खरे असले तरी खोकी उचलणे हेच तर त्याचे काम होते. चोरी म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यातील वस्तू संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूने हलवणे, ही व्याख्या आपण युक्तिवादात एकेक शब्द सुटा करून वाचलीत. अप्रामाणिक हेतू या शब्दांपाशी आपण थांबलात आणि पुराव्यात तो कोठे आहे, एवढेच विचारलेत.

निकालात ‘संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता’ असे शब्द आले, आणि ‘संशय’ या शब्दाने मला वाईट वाटले. आपण त्यावर सांत्वन केले नाहीत. फौजदारी न्यायात आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची असते आणि ती पार पडली नाही, एवढाच त्याचा अर्थ, असे सांगून आपण भावाला निकालाची प्रमाणित प्रत काढून ठेवायला लावलीत.

या सगळ्यासाठी आपण आमच्याकडून एक रुपयाही घेतला नाही. घ्यायचा नसतोच, हेही मला नंतर कळले. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणे कोठडीतील व्यक्ती, स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि इतरांनाही ठरावीक उत्पन्न मर्यादेत तो मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन केला की मार्गदर्शन मिळते. हे पत्र मी जाहीर लिहितो आहे ते याचसाठी, कारण मला हे कोणी सांगितले नव्हते आणि बांगड्या त्यामुळेच मोडायला निघाल्या होत्या.

गेल्या महिन्यात भावाला नवी नोकरी लागली. अर्जात ‘आपल्याविरुद्ध कधी गुन्हा दाखल झाला होता का?’ असा रकाना होता. त्याने ‘होय’ लिहिले आणि आपण काढून ठेवायला सांगितलेली ती प्रत सोबत जोडली.

आपला ऋणी,
एका निर्दोष सुटलेल्या आरोपीचा थोरला भाऊ